पृथ्वीवरचे अडीच तोळे

मंडळी, ऐका! दुर्मिळ कशाला म्हणायचं? जगात कमी आहे त्याला, की आपल्या वाट्याला कमी आलं त्याला? सोनं म्हणाल! अहो, सोनं तर पुढच्या रांगेतच पाच-पन्नास तोळे बसलंय! पदर ओढू नका माई, मी नजर लावत नाही!

पण फ्रान्सियम नावाचं एक मूलद्रव्य आहे. सगळ्या पृथ्वीच्या कवचात एका वेळी किती असेल? जाणकारांचा अंदाज — दोन-अडीच तोळे! युरेनियम झिजत जातं, त्याच्या कुळात हे जन्मतं, नि बावीस मिनिटांत निम्मं नाहीसं! मागून नवं येतं, तेही जातं. डोळे भरून कोणी पाहिलंय? कोणीच नाही!

आमचे त्र्यंबकराव ओगले ह्याच्या पायी वेडे झाले. खनिजं शोधायची नोकरी, तीस वर्षं डोंगर पालथे घातले. घरी यायचे कधी? पत्र नाही, निरोप नाही! भागीरथीबाई बिचाऱ्या रोज दोन ताटं मांडायच्या, नि नवऱ्याचं तसंच उचलून ठेवायच्या.

निवृत्त झाले. आता तरी घरात बसतील? बसले हो — पण युरेनियमच्या बोटभर खड्यापुढं! किरण मोजायचं यंत्र लावलं; एक अणू झिजला, की एक टिक. टिक, टिक, टिक! मरण्याआधी एकदा फ्रान्सियमची टिक ऐकावी, एवढीच आस.

बाई म्हणाल्या, "अहो, पानं वाढलीत. सापडलं का?"

"अगं, ह्यातली एखादी टिक त्याचीच असणार! पण सगळ्या सारख्या. ओळखायची कशी?"

बाई हसल्या. "तीस वर्षं फाटकाची कडी वाजायची. दूधवाला, पोस्टमन, शेजारची पोरं. तुमची वर्षातून दोनदा वाजायची. पण मला आतून कळायचं, ही तुमची."

त्र्यंबकराव उठले! यंत्र बंद केलं, पानावर बसले, नि मनात म्हणाले, आपण कशासाठी झुरलो, नि ही कशासाठी!

पुढं दोघांना तीनच वर्षं लाभली. आज बाई नाहीत. त्र्यंबकराव अजून रिकाम्या घरात शिरताना कडी वाजवतात — आणि फाटकाशी उभे राहतात. कोण येणार हो? पण उभे राहतात!

मंडळी, देवाला शोधत इथं कीर्तनाला आलात, बरं केलंत. पण तुमच्या घरी आत्ता कोणीतरी कडीकडे कान लावून बसलंय. म्हणून आज मी लांबवत नाही. प्रसाद हातावर घ्या, नि निघा! चपला सापडल्या नाहीत, तर अनवाणी जा!