आतल्या अंगाची खूण

— नाही नाही, थांबलात कशाला? कोरा की! नाव अर्धं राहिलं तर अपशकुन होतो म्हणतात — कोण म्हणतं? मीच म्हणतो, या किल्ल्याचा पहारेकरी आहे मी, काहीही म्हणायचा हक्क आहे मला. पण स्कूटरच्या किल्लीने? अहो साहेब, दगड आहे हा, बागेतला बाक नव्हे. किल्ली वाकली की बसा स्कूटर ढकलत — आणि घरी बायकोला सांगा, अमर व्हायला गेलो होतो!

हसू नका. ज्या राजाने हे बांधलं — बांधलं कसलं डोंबल! उभ्या जन्मात त्याने भुवईखेरीज काही उचललं नाही. भुवई उचलली की माणसं दगडाला खांदा लावायची, आणि त्यातला एखादा दगडाखाली गेला की राजा विचारायचा, दगड शाबूत आहे ना? मला कसं माहीत? होतो ना मी तिथे! बरं, नव्हतो. पण काल आलेल्या मंडळींनी माना डोलावून ऐकलं, आणि तुमच्यापेक्षा शिकलेली दिसत होती हो. तर त्या राजाचं नाव दारावर होतं, हातभर अक्षरांत. पावसाने चाटून नेलं. पाथरवट शहाणे — ते आपली खूण कोरायचे दगडाच्या आतल्या अंगाला, जे भिंतीत जातं. ना ऊन, ना पाऊस, ना तुमच्यासारखे किल्लीवाले. ही थाप नाही. माझ्या लहानपणी दुरुस्ती निघाली, तेव्हाच्या पाथरवटांनीही तेच केलं. माझा बाप होता त्यांत. तुम्ही ज्यावर अमर होताय ना, तो दगड त्याचा. आत मासा कोरलाय, म्हणायचा.

आई म्हणायची, कसला पाथरवट, पाणी वाहायचा तो कामावर! थापा मारण्यात मात्र पटाईत. — माझ्याकडे काय बघताय? आता दोघंही गेले, विचारायचं कुणाला?

त्या दगडाच्या कडेची फट? उंदरांची. बरं, दगडात उंदीर कुठले — चुना जुना झालाय, आपोआप गळतो. खिळा? कुठला खिळा? हा होय... हा दात कोरायला. आणि रोज थोडा चुना उकरला तर बिघडलं काय? भिंतीचं पोट जरा सुटलंय, तर माझंही सुटलंय, मी पडलो का? बोटं जातात आत, पण पेरभर कमी पडतात. आखूड, जाड — बापाचीच. तुमची लांब आहेत, कधी काही न उचललेली. घाला बघू. घाला हो, विंचू नाही तिथे. अजून आत. जरा खाली... लागलं काही? सपाट आहे, की माशाचं —

नको! बोलू नका. काढा हात. काढा म्हणतो ना! चला, निघा, कुलूप लावायचंय मला. आणि ते नाव — राहू दे अर्धंच.