युरियाच्या पोत्यातली सायकल

मोहिउद्दीन : कोकिळावहिनी, तिथं धरू नका. दांडी गंजली, बोट आत जाऊन राह्यलं, पहा.

कोकिळा : असं कसं, भाऊ? दिपाली आठवीत होती तवा तुमीच तं जोडून देल्ली होती. चैन बदला, तेलपाणी करा. उद्या तिचा वाढदिवस हाय. तीन वर्सं झाले पोरीले जाऊन, आज खोळ काढली मी. तिच्या कॉलेजापर्यंत एकदा नेतो म्हटलं.

मोहिउद्दीन : चैन तो बदलून देईन. दांडीचं काय करू?

कोकिळा : घंटी तं तशीच हाय. ब्रेकबी.

मोहिउद्दीन : घंटी पितळेची. ओलीनं हिरवी पडते, पण गळत नाही. ब्रेक अ‍ॅल्युमिनचे. त्याले पांढरी भुरी चढते, तेच त्याचं पांघरूण. लोखंडाचं नसीब वेगळं, वहिनी. पापुद्रा गळला का आतलं पुन्हा उघडं. पर तीन सालात इतकं? पाण्यात होती का?

कोकिळा : थेंब लागू देल्ला नाही मी! युरियाच्या चार पोत्यांची खोळ शिवली. दर पावसाळ्याआधी नवी.

मोहिउद्दीन : धुतले होते पोते?

कोकिळा : कायले धुवू? ओल राहीन म्हणून नुसते झटकले.

मोहिउद्दीन : या अल्ला.

कोकिळा : काय झालं?

मोहिउद्दीन : खताचा कण हवेतली ओल ओढते, नमकावानी. आत कोंडली, का लोखंडाले... जाऊ द्या.

कोकिळा : म्हणजे उघडी ठेवली असती, तं वाचली असती?

(दिपालीनं ही घंटी वाजवली की कोकिळा चहा ठेवायची. तिनं घंटीवर अंगठा ठेवला, पण दाबली नाही.)

कोकिळा : दवाखान्यात धड बोलता येत नव्हतं तिले. तरी म्हणे, आई, मी येतवरी सायकल सांभाळजो. तेवढंच मांगतलं पोरीनं, भाऊ. अन् मीच माह्या हातानं...

मोहिउद्दीन : नाही, नाही. आता याद आलं मले. फ्रेमच हलकी होती. मीच लावली होती हलकी. पोत्याचा कसूर नाही. तुमचा तो बिलकुल नाही.

कोकिळा : दिपालीच्या सायकलले तुमी हलकी फ्रेम लावली?

मोहिउद्दीन : हो. लावली.

कोकिळा : खोटं बोलून राह्यले तुमी.

मोहिउद्दीन : वहिनी...

कोकिळा : तरी तेच आखीन एकदा सांगा, भाऊ.