सोड म्हणेपर्यंत

त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. पौषाचे दिवस, पण झाडाचं पान हलेना. दुपारचं ऊनसुद्धा धुऊन विटलेल्या फडक्यासारखं. आणि दिवस कलला तशी दरीतून धुक्याची धुई वर यायला लागली. हळूहळू, म्हातारं माणूस पायऱ्या चढतं तशी. आधी भाताची खाचरं गेली, मग आंब्याची राई गेली, मग खडसरगडाचा निम्मा डोंगर गेला. वर नुसता तट राहिला, हवेत टांगल्यासारखा.

ऐका. जरा शेकोटीजवळ सरका. तुम्ही सगळे दगडातले कारागीर, उद्यापासून गडाचा दरवाजा दुरुस्त करायला जाणार, म्हणून सांगतो. नाहीतर ही गोष्ट मी काढत नाही.

मी तेव्हा पंचविशीचा. काम पाथरवटाचं. जाती घडवायची, झिजलेली जाती टाकी लावून पुन्हा खरखरीत करायची. गडाच्या पलीकडं बोरघर आहे ना, तिथं एका घरी माघात लग्न होतं. त्यांच्या चार जात्यांना टाकी लावता लावता दिवस मावळायला आला, तेव्हा कुठं काम हातावेगळं झालं.

आणि माझं चित्त घरी. का, तर भावांपासून वेगळं राहायला लागून तीनच दिवस झाले होते. माझी बायको, द्वारकी, बारा माणसांच्या घरातून आलेली. एकटं राहणं तिनं कधी बघितलंच नव्हतं. सकाळी निघताना मी म्हणालो होतो, दिवा लागायच्या आत येतो. तिनं तीनदा विचारलं, नक्की? मी तीनदा म्हणालो, नक्की.

घरधनीण मला म्हणाली, "ऱ्हा की आजची रात लिंबाजी. बायको काय पळून जातीय व्हय?"

"पळंल कशी मावशी? तिला अजून रस्तं म्हायती न्हाईत."

सगळ्या बाया हसल्या. पण मी हत्यारं पिशवीत टाकतोय हे बघितलं आणि म्हातारी हसायची थांबली. "मग खालच्या वाटंनं जा. गडावरनं नगं."

"का?"

"वर एक जण जोडीदार हुडकत असतोय."

आता बघा, खालून वळसा घालायचा तर चार कोस. गडावर चढून, माथा ओलांडून, पलीकडच्या चोरदरवाजानं उतरलं तर कोसभर. तुम्ही काय केलं असतं? मीही तेच केलं.

चढलो. धुईत हाताचं बोट दिसेना. पायाला पायरी लागते म्हणून कळायचं की वाट आहे. दरवाजाजवळ आलो तेव्हा पार अंधारलं होतं. तो दरवाजा तुम्ही उद्या बघालच. समोरून दिसतच नाही. दोन बुरूज एकमेकांना मिठी मारून उभे, त्यांच्या पोटात वळण घेतल्यावर मग दरवाजा. हत्तीला धावून धडक द्यायला जागाच ठेवली नाही. हा गड कुठल्या राजाचा, ते मला सांगता यायचं नाही. मी शिकलेला नाही. कुणी या राजाचा म्हणतं, कुणी त्या राजाचा. पण दगड मला वाचता येतो. खालचे थर एका हाताचे. मोठे चिरे, चुना नाही, काही नाही, नुसते अंगाला अंग. वरचे थर दुसऱ्या हाताचे, चुन्यातले. आणि हा सगळा दगड आणला कुठून? वरच्या टाक्यांतून. दगड काढला त्याचा तट झाला, जो खड्डा राहिला त्यात पाणी साठलं. डोंगराच्या पोटातलंच काढून डोंगराच्या अंगावर घातलं.

तर आत शिरलो. डाव्या-उजव्या हाताला पहारेकऱ्यांच्या देवड्या. रिकाम्या. आपलाच श्वास भिंतीवरून परत येतो. आणि तिथं मला ऐकू आलं.

टक. टक. टक.

छिन्नीचा आवाज! ऐका, दुसऱ्या कुणाला ते पाणी ठिबकल्यासारखं वाटलं असतं. मला कळलं. कुणीतरी चिऱ्याची कड मारतंय. एवढ्या धुईत, दिवा नाही, काही नाही.

मी माथ्यावर आलो, आवाजाच्या रोखानं तटापर्यंत गेलो. आवाज थांबला.

"कोन हाय?" धुईतून कुणीतरी विचारलं. आवाज भला होता हो. थकलेला.

आणि मी काय म्हणालो? तिथंच चुकलो. नाव सांगायचं, गाव सांगायचं. मी म्हणालो, "पाथरवट."

"बरं झालं. वाईच सूत धर."

आता तुम्ही एकमेकांकडं बघताय. तुम्हाला कळलं. आपल्यात रीत आहे, सूत धर म्हटल्यावर नाही म्हणायचं नाही. वैऱ्याचंही धरायचं. आणि एकदा धरलं की पलीकडचा सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही. माझ्या पायावर एकदा विंचू चढला होता, तरी बापानं सूत सोडू दिलं नव्हतं. सूत हललं तर थर वाकडा, थर वाकडा तर भिंत वाकडी.

माझ्या तळहातावर काहीतरी गार येऊन पडलं. सुताची दोरीच ती. मी मूठ मिटली.

"धरलंय का?"

"धरलंय!"

"एक पाऊल मागं घे."

घेतलं.

"अजून एक."

घेतलं. सूत ताणलं गेलं. पलीकडं कुणीतरी सुस्कारा सोडला, खूप दिवसांनी पाठ टेकावी तसा. "लई दिसांनी सरळ आलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "जेवलास का?"

खरं सांगतो, भुतानं मला जेवलास का विचारलं.

मी म्हणालो, "घरी जाऊन जेवीन. बायको एकटीच हाय. वाट बघतीय."

त्यानं सूत एकदा हलकेच ओढून बघितलं. मग म्हणाला, "माझा भाऊबी हितंच उभा ऱ्हायचा. तू उभा हाईस तिथंच. एक पाऊल मागं घे."

तेव्हा मला बापाचं बोलणं आठवलं. या गडाला पूर्वेला एक बुरूज होता, कड्याच्या नाकावर, दरीत पुढं आलेला. दोघे भाऊ तो बांधत होते. थोरला सूत लावायचा, धाकटा टोक धरून उभा राहायचा. एका संध्याकाळी धाकट्याच्या पायाखालचा कडाच सुटला. बुरूज गेला, भाऊ गेला. थोरल्याच्या हातात सूत सैल पडलं. त्यानं सोड म्हटलंच नव्हतं.

मी पाय मागं सरकवून चाचपलं. टाचेला खडा लागला. घरंगळला. मी कान देऊन थांबलो, की खाली पडल्याचा आवाज येईल.

आलाच नाही.

अरे देवा! माझ्या मागं काहीच नव्हतं! नुसती धुई!

मी म्हणालो, "दादा, सोड म्हणा. मला जाऊ द्या."

"थर लागला की म्हणतो. एकच पाऊल ऱ्हायलंय."

"मागं जागा न्हाई दादा. बुरूज पडलाय."

"म्हणून तर बांधायचाय," तो म्हणाला. आणि सूत ओढलं गेलं. माझ्याकडून त्याच्याकडं नाही, ऐका, दरीकडं! मूठ उघडायला गेलो तर उघडेना. बोटं माझी, पण रीत बापाची. गुडघ्यावर बसलो, तसाच फरफटत चाललो. हातभर राहिला कडा. वीतभर राहिला. डाव्या हातानं पिशवी चाचपली. बापाची छिन्नी हाताला लागली. तटाच्या मुळाशी दोन चिऱ्यांची फट होती, त्या फटीत ती खुपसली आणि दगडानं ठोकली. सुताचे त्या छिन्नीला तीन वेढे दिले. ज्याला जोडीदार नसतो तो गवंडी तेच करतो ना? खुंटीलाच जोडीदार करतो.

ताण छिन्नीवर गेला. माझी मूठ उघडली.

मी उठलो. पळालो नाही, पळालो असतो तर त्याला कळलं असतं. पावलं न वाजवता, भिंत चाचपत, चोरदरवाजापर्यंत आलो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून हाक आली. घाबरल्यासारखी.

"धरलंय का?"

मी काय करू? सांगा तुम्हीच. त्याला खरं सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही.

"धरलंय!" मी ओरडलो. आणि उतरलो.

घरी आलो तर दिवा कधीचा विझलेला. द्वारकी अंधारात दाराला पाठ लावून बसली होती. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही आता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात वर गेलो. छिन्नी तिथंच होती, फटीत. सूत नव्हतं. पण छिन्नीच्या दांड्यावर तीन चरे पडले होते, चकचकीत, वर्षानुवर्षं दोरी ओढली जावी तसे. काढायला हात घातला. मग नाही काढली. ती काढली असती तर त्याच्या सुताला धरायला कुणीच राहिलं नसतं.

म्हणून सांगतो बाबांनो, दिवस असेपर्यंत काम करा आणि उतरा. अंधारलं तर चार कोसांचा वळसा घ्या, पण माथ्यावरून येऊ नका. तो काही वाईट नाही. वाईट असता तर मी तुम्हाला एवढं सांगितलं नसतं, वाइटाला माणूस नाही म्हणू शकतं. आणि पूर्वेच्या तटात छिन्नी दिसली तर तिला हात लावू नका.

आता द्वारकी नाही. घरात मी एकटाच. भिंतीपलीकडं थोरल्या भावाची बायको, आमची गोजरावहिनी, पुढं राहायला आली, तिच्या-माझ्यात एकच भिंत. परवा सकाळी पाण्याला निघाली होती, ती हंडा कमरेवर घेऊन दारातच थांबली. म्हणाली,

"भावजी, इतकी वर्सं ऐकतीय, रातचं झोपंत वरडता, धरलंय, धरलंय म्हणून. काल मला लई दया आली. म्या भिंतीला तोंड लावलं आन् म्हणलं, सोडा आता. तर तुम्ही झोपंतच म्हणालात, तू नव्हं वहिनी, त्यानं म्हणाया पायजे."