कोंदणातला शाप

माझं घरात कुणी खरं मानलंच न्हाय बघा! मोबाईलवरच्या त्या राजा-राणीच्या मालिकेत मुकुट, हार, अंगठी, जे कोण घालतंय ते मरतंय. लेक स्वाती म्हणाली, “आई, ग्रुपवर सगळे म्हणत्यात, तिन्ही खडे एकाच शापित हिऱ्याचे तुकडे हायत.”

“खडे गेले खड्ड्यात! घालायच्या आधी दागिना दुरुस्तीला कुणाकडं जातोय, ते बघ की.”

“तो अर्धा आंधळा सोनार, कनकसेन? लाव पैज! हरलीस तर तुझी नाकातली फुली माझी!”

“आन् जिंकले तर महिनाभर भाकरी तू थापायच्या.”

शेवटच्या भागात राणीनं अंगठीचं कोंदण उचकटलं. आत विष! राजा ओरडला, “कुणी भरलं?”

मी ज्वारीच्या पिठाची परात स्वातीपुढं सरकवली.

राणी म्हणाली, “कनकसेन!”