व्यासपीठावरच्या घोंगड्या

सन्माननीय अध्यक्ष अण्णाजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कार समितीचे चिटणीस प्रभाकरराव, आणि रोहणा व आसपासच्या गावांतून अगत्याने आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझ्या एकसष्टीनिमित्त आपण एवढा मांडव घातलात, हार घातलेत, शाल पांघरवलीत. प्रभाकररावांनी मानपत्र असं काही वाचलं, की मधेच मला वाटलं, हा सद्गृहस्थ कोण, याला एकदा भेटायला पाहिजे. हसू नका, खरंच वाटलं. अण्णाजींनी बजावलं आहे, की वर्ध्याचे पाहुणे येईपर्यंत तुम्ही बोलत राहा. त्यांची मोटार वाटेत बंद पडली म्हणे. तर मी बोलतो. पण जे ठरवून आलो होतो, ते आता तोंडातून निघत नाही.

माझ्या मागे घोंगड्यांची ही चवड आपल्याला दिसतेच आहे. वर झेंडूचा हारही घातला आहे. माझ्या खर्चाने आणलेल्या या घोंगड्या समारंभाच्या शेवटी गावातल्या गरिबांना पाहुण्यांच्या हस्ते द्यायच्या, असं ठरलं. फोटोवालाही बोलावला. कल्पना माझीच, प्रभाकररावांना दोष देऊ नका. ज्यांना द्यायच्या, ती माणसं सकाळपासून मांडवाबाहेर बसून आहेत. त्यांची आजची कापूसवेचणी बुडाली. कोणाच्या शेतातली? माझ्याच. म्हणजे मी देणार घोंगडी, आणि ती घ्यायला यायचं तर माझ्याच शेतातली मजुरी सोडायची! असा दाता पाहिला आहे का कोणी?

आता दिवस कलला आहे, गारठा वाढला आहे. बाहेर म्हातारी माणसं कुडकुडत बसली आहेत, आणि घोंगड्या इथे हार घालून बसल्या आहेत.

तानाबाई आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. माझा कितीतरी कापूस तिच्या हातून वेचला गेला. गेल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेल्यांत तीही होती. मघाशी मी मांडवात शिरताना तिने मला थांबवलं. म्हणाली, "रूपरावजी, नात तापानं फनफनून राह्यली घरी. पांघराले काई नाई. माही घोंगडी आत्ताच देता काय? मी निंगतो."

मी काय म्हणालो असेन?

"थांब न वं बाई थोडी. पाहुण्याच्या हातून द्याची हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आमी मागाले नाई आलो जी. तुमी बलावलं म्हनून आलो." एवढंच बोलून जागेवर जाऊन बसली.

मी वर आलो. शाल मिळाली, छान ऊब आली. मानपत्रात 'दीनांचा आधार' हे शब्द आले आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या, नेमकी तेव्हा ती उठली आणि रिकाम्या हाताने घराकडे निघाली. मला इथून दिसलं. हाक मारता आली असती. मी मारली नाही. टाळ्या चालू होत्या ना!

मित्रहो, मला लाज वाटते आहे. आपल्याकडे आहे म्हणून आपण देतो, यात उपकार कसला? ज्यांच्या कष्टावर माझं घर भरलं, त्यांचं अंग उघडं असेल तर ते झाकणं माझं कर्तव्यच आहे. आणि ते त्यांना गरज असेल तेव्हा, मला शोभा येईल तेव्हा नव्हे. पोरीचा ताप पाहुण्यांच्या मोटारीसाठी थांबतो काय?

तेव्हा समितीला विनंती, की आता कोणाची वाट पाहू नका. बाहेर बसलेल्यांना इथे वर बोलावू नका, आपणच खाली उतरून त्यांच्याजवळ जाऊ. आजची त्यांची मजुरी माझ्याकडे लागली. तानाबाईची घोंगडी मी स्वतः नेऊन देतो. ती घेईलच असं नाही. नाही घेतली तर मी तिला बोल लावणार नाही.

आपण केलेल्या सन्मानाबद्दल अध्यक्षांचा, समितीचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. समारंभाचा विरस केला, तो मोठ्या मनाने पोटात घाला. तुमची माफी मिळणं सोपं आहे, तुम्ही आपली माणसं. तिच्या दारात उभं राहून काय बोलायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

अण्णाजी, जरा खुर्ची सरकवता? मला घोंगडी काढायची आहे.