तापीवर पूल नव्हता म्हणून

प्रकाशा गावाला तापीवर पूल हवाच, हे माझं भाषण तुम्हाला पाठ झालंय. आता घरातला विरोध ऐका.

माझ्या लग्नाचं वऱ्हाड नावेतून पलीकडे उतरलं, तर घाटावर मुलीकडचे वाजंत्रीच नाहीत. मांडवात पोचेपर्यंत वडिलांचा पारा चढला. "हाई लगीन नही व्हत," म्हणाले आणि मला दंडाला धरून परत घाटावर घेऊन आले. नाव होती, नावाडी नव्हता. तो मांडवात वरण-बट्टीच्या पंगतीला बसलेला. बोलावणं धाडलं, तर निरोप आला, "आण्णा, मी जेवी ऱ्हायनू. नवरीनी मावशी उठूच देत नही."

आम्ही वाळूत बसून राहिलो. कॉलेजात मोठमोठी भाषणं केलेला मी, तिथं वडिलांपुढे वाळूत रेघोट्या ओढत होतो. तेवढ्यात उशिरा का होईना, वाजंत्री वाजतगाजत थेट घाटावर आले, मागून सासरे फेटा घेऊन. वडील उठले, धोतर झटकलं.

"मी कोठे रुसनू व्हतू? नदी देखी ऱ्हायंतू."

नावाड्याला उठू देऊ नको, असं त्या दिवशी मावशीच्या कानात कोणी सांगितलं होतं, ते मला पुढं कळलं. आता मी पुलाच्या सभेला निघालो की बायको म्हणते, "बांधा पूल. पन त्या दिन पूल ऱ्हाता ते मावशी कोनले बट्ट्या वाढती?"