दार घेऊन निघालेले पणजोबा

(स्वयंपाकघर. टेबलावर इतके कागद की टेबल दिसत नाही. आई टीव्हीवरच्या अंतराळ-मालिकेचा पुढचा भाग लिहितेय, बाबा तो तपासतोय, मुलगी दप्तर पाठीवर ठेवूनच उभी.)

मुलगी: ते ठेव बाजूला आणि खरं सांग. माणसं चूक झाल्यावर एकमेकांना चमचा देतात का?

आई: दप्तर उतरव आधी.

मुलगी: नाही उतरवणार. मैत्रिणी म्हणाल्या, हिंमत असेल तर उभ्या उभ्या विचारून दाखव. बसलीस की आई खायला देईल, बाबा काहीतरी विनोद करेल आणि तू विसरशील. त्यांना तुम्ही पाठ आहात.

आई: कोणी कोणाला चमचा दिला?

मुलगी: मी. आज. खेळाच्या बाईंना. माझा चेंडू त्यांच्या चष्म्याला लागला. मी काय केलं, तर धावत कँटीनमध्ये गेले, चमचा मागून आणला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला. त्या चमच्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतेय आणि अख्खं मैदान आमच्याकडे. शेवटी त्या म्हणाल्या, बाळा, मी डबा खाल्लाय.

बाबा: दोन्ही हातांनी? एका हाताने द्यायचा. दोन्ही हातांनी फक्त तुर्माणी राजदूत देतात.

मुलगी: बाबा, प्लीज.

आई: तू थांब रे जरा. मने, माणसं ‘सॉरी’ म्हणतात. चमचा तुर्माण ग्रहावरचा. तिसऱ्या पर्वात आला. तुर्माणी माणूस माफी ऐकत नाही, गिळतो, म्हणून चमचा. तुला सगळं माहितेय हे.

मुलगी: मला हे माहितेय की तुम्ही दोघं कुठलीही रीत मालिकेत घालायच्या आधी महिनाभर घरात वागून बघता. पण महिना संपला की थांबायचं असतं, हे मला कोणी कधी सांगितलं?

बाबा: आम्ही थांबलो होतो. तूच चालू ठेवलंस. चार वर्षांची होतीस, वाटीभर चमचे घेऊन घरभर फिरायचीस. चूक व्हायच्या आधीच वाटायचीस.

आई: आणि मग आम्हालाही बरं वाटायला लागलं. भांडण झाल्यावर बोलण्यापेक्षा सोपं पडतं. बस आता.

मुलगी: आणि वाढदिवसाला टेबलाखाली बसून डोळे मिटायचे, मग एक वर्ष मोठं होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं?

बाबा: पाचवं पर्व.

मुलगी: मी मागच्या वाढदिवसाला सगळ्या वर्गासमोर टेबलाखाली गेले होते. वर्गातली ढापणी म्हणाली, हिचं काहीतरी हरवलंय, आणि मैत्रिणी मला मदत करायला खाली आल्या. आम्ही आठ जणी टेबलाखाली होतो, बाबा. कोणालाच कळेना काय शोधायचंय.

आई: छान आहे हे. आठ जणी टेबलाखाली.

मुलगी: पेन खाली ठेव.

आई: मी काही लिहीत नव्हते.

मुलगी: लिहिणार होतीस. तुझा हात मला ओळखू येतो. आणि ते दिवा बंद करताना ‘उद्या ये’ म्हणायचं, तेही बंद आजपासून. ते कितव्या पर्वातलं?

आई: ते कुठल्याच पर्वातलं नाही.

मुलगी: म्हणजे?

आई: ते माझ्या आईचं. ती म्हणायची. का म्हणायची, मी कधी विचारलं नाही. मालिकेत मी ते कधी दिलं नाही, आणि देणारही नाही.

मुलगी: बघा. म्हणजे जे मला खोटं वाटत होतं ते खरं आहे, आणि जे खरं वाटत होतं ते परग्रहावरचं. मी जगायचं कसं या घरात? प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी लावा ना. ही माणसांची, ही तुर्माणी.

बाबा: मने, तू चमच्यासाठी एवढी चिडलेली नाहीस.

मुलगी: नाहीच. चमचा तर सकाळचा. खरं दुपारी झालं. आज माझा नंबर होता.

आई: कसला?

मुलगी: आई, मी महिनाभर सांगतेय तुला. ‘आमचं घराणं’. प्रत्येकाने उठून आपल्या घरच्या तीन पिढ्या सांगायच्या. मी पणजोबा सांगितले.

बाबा: अरे देवा.

आई: दार?

मुलगी: दार. मी मस्त सांगत होते, शप्पथ. गाव पाण्याखाली जाणार म्हणून सगळे निघाले. कोणी भांडी घेतली, कोणी गाद्या घेतल्या, आणि माझ्या पणजोबांनी बिजागऱ्या काढून घराचं दार पाठीवर घेतलं. लोक हसले, तर ते म्हणाले, भिंती कुठेही मिळतील, दार मात्र ओळखीचं हवं. बाईसुद्धा खुर्चीत सरसावून बसल्या. मला वाटलं, काय रंगलंय. आणि मागून तो लंबू म्हणतो, बाई, हे कप्तानाच्या आजोबांचं आहे. सातवं पर्व. ते यानाचं दार घेऊन निघतात.

आई: लंबू सातवं पर्व बघतो?

मुलगी: सगळे बघतात. सगळे आमच्याच घरातल्या गोष्टींवर वाढलेत. पाच मिनिटं वर्ग हसत होता. मी म्हटलं, नाही, आधी माझे पणजोबा, नंतर मालिका. आईने घरातलं उचललं. तर लंबू म्हणतो, मग सोमवारी काय करशील? सोमवारच्या भागाच्या जाहिरातीत दाखवतायत, ते दार चोरीचं होतं.

बाबा: जाहिरात लागलीसुद्धा?

मुलगी: आई, तू माझ्या पणजोबांना चोर करणार आहेस?

आई: कप्तानाच्या आजोबांना.

बाबा: मी लेखी कळवलं होतं की हे बसत नाही. नवव्या पर्वात त्याच दाराला कप्तानाची आई हात लावून सांगते की हे आमच्या यानाचं. तिला ओळखू येणार नाही का? तिचं बालपण त्या दारामागे गेलंय.

आई: तिला खोटं सांगितलेलं असतं लहानपणी. म्हणून तर गंमत आहे. सतरा वर्षं चाललेल्या मालिकेत कोणाचंच घराणं सरळ राहत नाही रे. कप्तानाचा एक काका मी दोनदा मारलाय, एक आत्या मला सापडत नाहीये. आता फक्त आजोबा उरलेत मोडायला.

बाबा: आत्या शीतपेटीत आहे. सहाव्या पर्वापासून.

आई: मग तिला बाहेर काढा रे कोणीतरी, बिचारीला.

मुलगी: तुम्ही दोघं एक मिनिट मालिकेतून बाहेर याल का? मी विचारतेय ते सोपं आहे. पणजोबांनी दार नेलं होतं की नाही?

बाबा: तसं एकदम हो किंवा नाही म्हणता येणार नाही.

मुलगी: का नाही म्हणता येणार? माणूस दार नेतो किंवा नेत नाही. मधलं काय असतं, अर्धं दार?

बाबा: म्हणजे आधी तू, मग मालिका, हे तुझं बरोबर होतं. एवढं मी खात्रीने सांगतो. ती गोष्ट तुझीच होती. मालिकेत नंतर गेली. एक भाग कमी पडत होता, चित्रीकरण अडलं होतं...

मुलगी: माझी होती म्हणजे?

बाबा: तुला गालगुंडं झाली होती. पाच वर्षांची असशील. तू हट्टच धरलास, बाबाच्या आजोबांची गोष्ट सांग.

मुलगी: मग तू सांगितलीस.

बाबा: मी आईकडे बघितलं.

मुलगी: आणि?

आई: आणि मी इथे बसून अर्ध्या तासात लिहिली. भात लावला होता, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. झालं? माझ्याकडे असं बघू नकोस. त्याच्याकडे काहीच नव्हतं. मूल तापाने फणफणलंय, गोष्ट मागतंय, आणि हा नुसता उभा. मी मग काय करणार होते?

मुलगी: म्हणजे पणजोबा नव्हतेच.

बाबा: होते गं. असणारच ना. त्याशिवाय आपण कसे?

मुलगी: काय करायचे ते?

बाबा: माहीत नाही.

मुलगी: नाव?

बाबा: तेवढं आहे. तुझ्या आजोबांच्या कागदपत्रांवर मधलं नाव असतं त्यातून. त्यापलीकडे काही नाही. अण्णा कधी बोललेच नाहीत.

मुलगी: तू विचारलंस का आजोबांना? एकदा तरी?

बाबा: लहानपणी एकदा. ते म्हणाले, ‘होते’. आणि उठून नळाचा वॉशर बदलायला लागले.

आई: तुझे आजोबा, मने, क्रेनवर बसायचे. गोदीत. सकाळी शिडी चढून वर जायचे आणि संध्याकाळी उतरायचे. दिवसभर वर एकटे, खाली माणसं मुंग्यांएवढी. बोलायचं कोणाशी? मग सवय गेली. आमच्या लग्नात ते एकच वाक्य बोलले.

मुलगी: काय?

आई: ‘पंखा लावा.’

मुलगी: फोनवरही दोनच शब्द असतात. ‘हं’ आणि ‘ठेवतो’. मला वाटायचं, दार पाठीवरून नेणाऱ्या माणसाचा मुलगा आहे, म्हणून असेल असा भारदस्त. मी त्यांच्याकडे जायचे तेव्हा त्यांच्या दाराला हात लावून बघायचे. मला वाटायचं हेच ते. दहा वर्षं मी एका साध्या प्लायवूडला नमस्कार करतेय.

बाबा: आम्हाला सांगायचंस.

मुलगी: तुम्ही सांगायचंत. बाई म्हणाल्या, हसू नका रे तिला, आणि मला म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा उभी राहा. या वेळी खरं घेऊन ये. सगळ्यांसमोर म्हणाल्या. वाईट नाही बोलल्या, ते जास्त लागलं.

आई: बरं, ऐक. हे सावरता येईल. मला आजची रात्र दे. मी तुला एक साधे, पटण्यासारखे पणजोबा देते. दार नाही, पूर नाही. पोस्टात होते म्हणू. कोणाला शंका येणार नाही.

मुलगी: आई.

आई: पोस्ट नको तर शिंपी.

बाबा: शिंपी आठव्या पर्वात झालाय.

मुलगी: तुम्हाला खरंच ऐकू येत नाहीये का? मला नवे पणजोबा नकोयत. वर्गातल्या त्या चिमणीकडे काय होतं माहितेय? तिची पणजी कोंबड्या पाळायची आणि एका कोंबड्याला घाबरायची. संपलं. एवढंच. कोणी हसलं नाही. कारण ती सांगताना स्वतः बघत होती, तो कोंबडा, ती पणजी. आणि मी एवढे हातवारे करून सांगत होते, आणि माझ्याकडे कागद होता. दुसऱ्याच्या हाताचा.

आई: दुसऱ्याच्या म्हणजे माझ्या.

मुलगी: हो. तुझ्या. चांगला होता, आई. फार चांगला होता, म्हणून तर राग येतोय. मला ते पणजोबा आवडायचे. परीक्षेच्या आधी मी त्यांची आठवण काढायचे. आता सोमवारी ते चोर निघणार आणि मला वाईटसुद्धा वाटायला नको, कारण ते नव्हतेच.

बाबा: मी तो भाग थांबवतो. बसत नाहीच आहे तो.

आई: थांबवतोस काय? चित्रित झालाय.

मुलगी: नका थांबवू. होऊ दे त्यांना चोर. ते कप्तानाचे आहेत आता.

आई: मग तू वर्गात काय सांगणार?

मुलगी: तेच ठरवून आलेय. म्हणजे अर्धं येताना ठरलं, उरलेलं आत्ता इथे उभी राहून. पण मध्ये बोलायचं नाही दोघांनी.

आई: बोल.

मुलगी: शुक्रवारी शाळा सुटली की मी परस्पर आजोबांकडे जाणार. जोडून सुट्टी आहे. चार दिवस तिथेच राहणार.

बाबा: मने, ते बोलणार नाहीत. तुला वाटेल तुझं काहीतरी चुकलं. मला वाटायचं तसं. मी येऊ का बरोबर?

मुलगी: नको. तू आलास की तुम्ही दोघं नळ दुरुस्त करत बसाल.

आई: जेवायचं काय? ते उकडलेलं खातात सगळं.

मुलगी: मी पण खाईन.

आई: आल्यावर मला सांगशील ना, काय काय झालं ते?

मुलगी: तुला नाही सांगणार. तू वापरशील.

आई: नाही वापरणार.

मुलगी: आई.

आई: बरं. नको सांगूस.

बाबा: आणि ते काहीच बोलले नाहीत, तर? चार दिवस?

मुलगी: तर ते कसे गप्प बसतात ते नीट बघून येईन, आणि वर्गात तेच सांगेन.